मुलांचे हात देवघरापर्यंत पोहोचू द्या

नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवून, त्याभोवती पाणी फिरवून आपण हात जोडतो, आणि नेमकं तेव्हाच शेजारी उभं असलेलं चार-पाच वर्षांचं मूल विचारतं, "बाप्पा जेवला का गं? मग वरण तेवढंच कसं?" आई-बाबांनो, या प्रश्नाला घरोघरी मिळणारी उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. "असं बोलू नये, देव रागावेल," हे एक. "देव वासानेच जेवतो," हे दुसरं. आणि "अरे, ते सगळं प्रतीकात्मक असतं," हे तिसरं, शिकल्या-सवरल्या घरांतलं. पहिल्याने मूल गप्प होतं, दुसऱ्याने घटकाभर त्याचं समाधान होतं, तिसरं त्याच्या डोक्यावरून जातं. मुलाला मुळात काय कळलेलं आहे, याचा विचार तिन्ही उत्तरांत राहून जातो.

बाहुलीला भरवणारी मुलगी कधी नीट पाहा. भातुकलीतल्या चिमुकल्या चमच्याने ती बाहुलीच्या ओठांना घास लावते, फुंकर घालते, ओढणीने तोंड पुसते. बाहुली खात नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं; खरी खीर त्या कापडी तोंडात कोंबायला ती जात नाही. तरी त्या घासात खोटेपणाचा लवलेश नसतो, आणि कुणी बाहुली लाथाडली तर ती आकांत करते. वस्तू ही वस्तू आहे हे माहीत असणं आणि तिच्याशी जिवाभावाचं नातं असणं, या दोन गोष्टी मुलाच्या मनात सुखाने शेजारी नांदतात. त्यांचं भांडण लागतं ते आपल्या मोठ्यांच्या डोक्यात. म्हणून नैवेद्याच्या प्रश्नाला मी सुचवीन ते उत्तर अगदी साधं आहे: "नाही रे, मूर्ती जेवत नाही. घरात जे शिजलं ते आधी देवापुढे ठेवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं, अशी आपली रीत आहे. मला ती आवडते." एवढं पुरतं. यातलं शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. मुलाला रीतीपेक्षा तुमचं तिच्याशी काय नातं आहे, हे आधी हवं असतं.

नामदेवांच्या दोन गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात असं मला फार वाटतं. पहिली सगळ्यांनाच येते. वडील गावाला गेले, नैवेद्य पोहोचवण्याचं काम लहानग्या नामदेवाकडे आलं, विठ्ठल जेवेना म्हणून पोर हट्ट धरून बसलं आणि शेवटी देवाला जेवावं लागलं. दुसरी आपण सहसा सांगत नाही. संतमंडळी जमलेली असताना गोरोबाकाकांनी मडकी थापटायच्या थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवाचं मडकं कच्चं ठरवलं. मग गुरूच्या शोधात नामदेव औंढ्या नागनाथाच्या देवळात गेले, तर विसोबा खेचर चक्क शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटलं तर म्हणाले, जिथे देव नाही अशा जागी तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले, तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही कथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण मूर्तीला जेवू घालणारा आणि मूर्तीबाहेरही देव पाहायला शिकलेला, असे दोन नामदेव आपल्या लोकांनी एकाच चरित्रात सांभाळले. आणि हे कळल्यावर नामदेवांनी पंढरी काही सोडली नाही. विठ्ठलाच्या महाद्वारातली नामदेवाची पायरी आजही तिथेच आहे. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तिथला देव तर निराकार. मूल सहा वर्षांचं असताना त्याला पहिली गोष्ट पुरते. दहाव्या वर्षी दुसरी सांगितली नाहीत, तर तुमच्या घरचा देव कायम सहा वर्षांच्या मुलाचा देव राहतो, आणि मोठं झालेलं मूल त्याला बालपणीच्या कपड्यांबरोबर मागे टाकून जातं.

आपल्या पूजेची रचनाच अशी आहे की, ती नीट पाहिली तर मुलांच्या बहुतेक शंकांचं उत्तर तिच्यातच सापडतं. सत्यनारायणाच्या किंवा कुठल्याही मोठ्या पूजेत मुलाला जवळ बसवा आणि सुपारीकडे बोट दाखवा. दहा मिनिटांपूर्वी जी सुपारी वाण्याच्या पुडीत होती, ती मूठभर तांदळांवर ठेवली आणि आवाहन केलं की गणपती होते. तिला गंध लागतं, फूल वाहिलं जातं, दूर्वा वाहतात. पूजा संपली, अक्षता वाहून निरोप दिला की ती पुन्हा सुपारी. मुख्य देवाच्या पूजेआधी कलश, शंख, घंटा आणि दिवा यांची पूजा होते. म्हणजे ज्यांच्या साहाय्याने पूजा करायची त्यांना पहिला मान. मुलांना हे विलक्षण आवडतं. पळी, पंचपात्र, ताम्हण, सहाण यांची नावं त्यांना एरवी सांगून लक्षात राहत नाहीत, पण घंटेलाही गंध लावायचं आणि मग वाजवायची, हे एकदा स्वतः केलं की विसरत नाहीत.

घरचा गणपती तर याचा सर्वांत मोठा धडा. कारखान्यातून आणलेली मूर्ती तोंडावर रुमाल टाकून घरी येते, पाटावर बसते, पण चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती रंगवलेली मातीच असते. गुरुजी मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात, दूर्वेने तूप डोळ्यांना लावतात, आणि त्या क्षणापासून घरातले सगळे तिच्यासमोर जपून वावरू लागतात. दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. पाण्यात बुडवण्याआधी निरोप दिलेला असतो तो असा. मुलं विसर्जनाला रडतात, "बाप्पाला पाण्यात का टाकता?" म्हणून. त्यांना सकाळच्या उत्तरपूजेला जवळ बसवलेलं असेल, मूर्ती हलवताना त्यांचाही हात लागलेला असेल, तर रडू येतं पण घाबरणं होत नाही. पाहुणा निघाला हे त्यांनी पाहिलेलं असतं. येताना पाटावर नदीतली मूठभर वाळू घरी आणतात, ती मुलाला आणू द्या.

आणि गौरी! गौरींसारखा दुसरा धडा मला सापडलेला नाही. एकच देवी, एकच नक्षत्रांचा हिशोब, अनुराधेला येणार, ज्येष्ठेला जेवणार, मूळावर जाणार, पण घरागणिक तिचं रूप वेगळं. कुणाकडे पितळी किंवा शाडूचे मुखवटे, त्यांना साड्या नेसवून, दागिने घालून दोघी उभ्या करतात. कुणाकडे तेरड्याची रोपं मुळांसकट आणून त्यांचीच गौर. कुणाकडे कागदावर चितारलेली. आणि कोकणस्थांकडे खड्यांच्या गौरी: नदीवरून, ओढ्यावरून किंवा विहिरीपासून पाच किंवा सात खडे उचलायचे, वाटेत कुणाशी न बोलता घरी आणायचे, दारात पायांवर पाणी घ्यायचं आणि आत यायचं. तीन दिवस त्या खड्यांना पुरणपोळीचा नैवेद्य, सोळा भाज्या, आरती. तिसऱ्या दिवशी ते खडे जिथून आणले तिथे परत. आता या भाद्रपदात मुलांना घेऊन दोन-तीन घरी हळदीकुंकवाला जा, रूपं दाखवा आणि विचारा, यातली खरी गौर कोणती? मी बालवाडीत हा प्रश्न मुलांना विचारत असे. सुरुवातीला "आमचीच" म्हणणारी मुलं शेवटी "सगळ्याच" असं म्हणायची, आणि कुणी त्यांना तसं शिकवलेलं नसायचं. वस्तूचा आकार महत्त्वाचा की तिला घरात बोलावणं महत्त्वाचं, यावर मोठ्यांनी जाड ग्रंथ लिहिले आहेत. तेरड्याचं रोप आणि ओढ्यातला खडा ते काम तीन दिवसांत करतात.

देवघरातल्या दगडांबद्दलही बोलायला हवं, कारण मुलांना दगड आवडतात आणि आपण त्यांना त्यांपासूनच दूर ठेवतो. जुन्या घरात पंचायतन असेल तर त्यातला बाण नर्मदेच्या पात्रातला, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेला. गणपतीचा लालसर दगड शोण नदीचा, म्हणून शोणभद्र. आणि काळा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा. या शाळिग्रामात जे चक्र दिसतं तो अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाच्या शंखाचा ठसा असतो. सुमारे 14 ते 16 कोटी वर्षांपूर्वी, हिमालय नव्हता तेव्हा, त्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. तिथे हा जीव राहिला, मेला, चिखलात गाडला गेला. पुढे भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला जाऊन पर्वत झाला आणि आता गंडकी तो खडक फोडून हे गोटे खाली आणते. बोटाच्या पेराएवढी ही वस्तू तुमच्या देवघरात चांदीच्या वाटीत बसली आहे. परंपरा असं मानते की शाळिग्रामाला आणि नर्मदेतल्या बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही; माणसाने घडवलेल्या मूर्तीला लागते, यांना नाही. भूगोलाच्या पुस्तकात हिमालयाची निर्मिती शिकणाऱ्या मुलाला सोवळ्यात राहून लांबून नमस्कार करायला लावण्यापेक्षा, आंघोळ करून आलेल्या त्याच्या तळहातावर तो शाळिग्राम ठेवा आणि ही हकिगत सांगा. त्याने तो भिंगाखाली धरला तर धरू द्या. भक्ती कमी होईल ही भीती मनातून काढून टाका. जीवाश्म आहे हे कळल्यावर शाळिग्रामाचा मान उतरलेला मी एकाही घरात पाहिला नाही.

पण मग सांगायचं ते खरं सांगा. याबद्दल मला तुमच्याशी थोडं कळवळून बोलायचं आहे. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आपण मुलांना देवघराचं "विज्ञान" शिकवू लागलो आहोत. घंटेच्या नादाने जंतू मरतात. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते. शेंदराने अमुक होतं, कुंकवाने तमुक शिर दाबली जाते. यात खऱ्याचा अंश कुठे आहे आणि कुठे नाही, हे तपासायची तसदी आपण घेत नाही. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू फार काळ टिकत नाहीत, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. ते खुशाल सांगा. घंटेचं तसं काही सिद्ध झालेलं नाही. तुळसही इतर झाडांसारखीच अंधार पडला की फक्त श्वसन करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. सातवी-आठवीत मूल हे शाळेतच शिकतं. ज्या दिवशी ते शिकतं त्या दिवशी त्याच्या मनात तुळस खोटी पडत नाही, आई खोटी पडते. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या होत्या, तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे दगडाच्या सोंडेकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. हा प्रयोग घरी मुलांबरोबर करून पाहा, त्याच गणपतीवर करा. मग हात धुऊन त्याच गणपतीची आरती करा. आपल्या श्रद्धेला चमत्काराचा टेकू लागत नाही हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढे कुणी बाबा-बुवा त्याला अंगारा-ताईत विकायला आला तर ते मूल फसायचं नाही.

आता शिवण्याबद्दल. "हात लावू नकोस" हे वाक्य देवघराच्या आसपास मुलांना सर्वांत जास्त ऐकू येतं. शाई लागलेले, चिक्कीने चिकट झालेले हात धुवायला सांगणं वेगळं, ते सांगावंच. पण हात लावू नकोस या वाक्याच्या मागे आपल्या समाजाचा मोठा आणि दुःखाचा इतिहास आहे, आणि मुलं वाढतील तसा तो त्यांना कळायला हवा. नाशकात काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. पंढरपुरात विठ्ठलाचं दर्शन सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठे बडव्यांचं मन वळलं. ज्या विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला लाखो लोक चालत येतात, त्याच्या पायांपर्यंत चोखामेळ्याला जिवंतपणी पोहोचता आलं नाही. त्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे. शनिशिंगणापूरला तर देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, वर छप्परसुद्धा नाही, आणि त्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवायला एप्रिल 2016 उजाडावा लागला.

मूर्ती दगडाची असते, धातूची असते, मातीची असते. तिला कुणी शिवायचं आणि कुणी नाही, हे माणसं ठरवतात. मुलांना हे सांगताना मान खाली घालावी लागली तरी सांगा. आणि आपल्या घरापुरतं काय करायचं तेही ठरवा. मुलगा मुंजीनंतर पूजा करतो आणि मुलगी फक्त फुलं निवडते, वाती वळते, भांडी घासते, हे आता पुरे झालं. देवांना अभिषेक घालायला मुलीला बसवा. घरात पाळीचे चार दिवस मुलीला देवघराकडे पाठ करून बसायला लावू नका; त्या वयात तिला स्वतःच्या शरीराबद्दल जो अवघडलेपणा येतो, त्यावर देवाचं शिक्कामोर्तब करू नका. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हळूच मुलीच्या हातात पळी द्या. आज्यांना नातीचा हात ताम्हणात दिसला की त्यांच्या तोंडचे शब्द बदलतात, असा माझा अनुभव आहे.

वस्तूंवर माणसं इतका जीव का लावतात, हे मुलांना पटवायचं असेल तर पालखी दाखवा. आषाढीला देहू-आळंदीहून लाखो लोक निघतात, त्यांच्या मधोमध रथात पालखी, आणि पालखीत काय? पादुका. 1685 च्या सुमारास तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत ठेवून नेण्याची प्रथा सुरू केली. चालत पंढरीला जाणाऱ्या माणसाची आठवण त्याच्या चालण्याच्या खुणेनेच जपायची, यापेक्षा नेमकं चिन्ह दुसरं कोणतं निवडलं असतं? गोव्यात 1560 मध्ये पोर्तुगिजांच्या भीतीने कुशस्थळीच्या लोकांनी मंगेशाचं लिंग उचललं आणि नदी ओलांडून प्रियोळला आणलं, आजचं मंगेशी ते हे. गोव्यातल्या कितीतरी देवांचं असंच स्थलांतर झालं. घरदार, शेत, माड मागे सोडून आधी देव उचलणाऱ्या त्या माणसांना दगड आणि देव यांतला फरक कळत नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सगळं गाव विस्कटत असताना आपण एक गाव आहोत, हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट त्यांना उचलून नेता येण्यासारखी होती.

आपल्याच देवघरापाशी थांबू नका, असंही मी आग्रहाने सांगेन. अजिंठ्याला मुलांना नेता तेव्हा आपण चित्रं पाहतो आणि दमून परत येतो. पुढच्या खेपेला 9 आणि 10 क्रमांकाची चैत्यगृहं आधी दाखवा. ती जुनी, ख्रिस्तपूर्व काळातली. तिथे मधोमध नुसता स्तूप आहे, कोरी अर्धगोल शिळा, तिच्यावर बुद्धाची आकृती नाही. त्या काळी बुद्ध दाखवायचा तर बोधिवृक्ष, चक्र, पावलांचे ठसे, रिकामं आसन यांनी दाखवत. मग 19 आणि 26 क्रमांकाच्या लेण्यांत या. ती पाचव्या शतकातली, आणि तिथे स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्ध प्रकट झालेला आहे, एकीकडे उभा, दुसरीकडे बसलेला. एकाच डोंगरात, थोड्या पावलांच्या अंतरावर, चिन्हापासून रूपापर्यंतचा पाच-सहाशे वर्षांचा प्रवास मुलाला पायी करता येतो. त्याला विचारा, तुला कुठे जास्त शांत वाटलं? दोन भावंडं दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोन्ही बरोबर असतील.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जा. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच आपल्यामागे ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. मूर्ती न मानणाऱ्या या पंथात ग्रंथावर चवरी ढाळतात, रात्री त्याला सन्मानाने निजवतात आणि पहाटे पुन्हा उघडतात. आमच्या तुळजाभवानीलाही वर्षातून तीनदा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. अलिबागेकडच्या बेने इस्राएल लोकांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा असते, आत धर्मग्रंथातला लिहिलेला मजकूर, येता-जाता तिला हात लावतात. आणि नवस फेडायला एलियाहू हन्नबींच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचा मलिदा करतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहायला सप्टेंबरच्या जत्रेत सगळ्या धर्मांची माणसं जातात. हे सगळं मुलांनी पाहिलेलं असलं, की "ते लोक दगडाला पुजतात" किंवा "त्यांना देवच नाही" असली वाक्यं त्यांच्या तोंडी सहजासहजी येत नाहीत. शेजाऱ्याच्या चिन्हाचा मान राखायला व्याख्यानाने शिकवता येत नाही.

एक अवघड गोष्ट आपल्या सगळ्यांच्या अंगाशी आली आहे. वस्तू घरात आणायला आपण शिकलो, त्यांना निरोप द्यायला विसरलो. पिंपळाच्या पारावर किंवा नदीच्या पुलाच्या कठड्याशी काच फुटलेल्या तसबिरी, सोंड मोडलेले गणपती, जुन्या दिनदर्शिकांवरचे देव टेकवून ठेवलेले आपण रोज पाहतो. मूलही पाहतं. काल ज्याला नमस्कार करायला लावला तो आज कुत्र्यांच्या पायांशी, ही विसंगती ते बोलून दाखवत नाही, पण मनात ठेवतं. तसंच प्लास्टरच्या मूर्तीचं. शाडूची मूर्ती पाण्यात काही तासांत विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची महिनोन्‌महिने तशीच राहते आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हात-पाय तुटलेल्या मूर्ती किनाऱ्याला लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टर नको म्हणून सूचना काढल्या, पण त्या अमलात येण्याची वाट कशाला पाहायची? निरोप पूर्ण व्हावा, माती मातीला मिळावी, म्हणून तर मूर्ती मातीची. पेणची असो की घरी वळलेली, वीतभर शाडूची आणा, घरच्या बादलीत विसर्जन करा आणि ती माती मुलांकरवी कुंडीत घाला. फुटलेल्या तसबिरीला मुलांसमोर हळदकुंकू वाहा, नमस्कार करा, मग काच वेगळी काढा, लाकूड वेगळं ठेवा, कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा मातीत मिसळा. निर्माल्याचं खत करा. ही कामं खालच्या दर्जाची नव्हेत, पूजेचा उत्तरार्धच आहे तो. आणि नवीन काही घेण्याआधी, सहलीच्या गावी दिसला म्हणून आणखी एक गणपती उचलण्याआधी, याची काळजी आयुष्यभर कोण घेणार, एवढा विचार करा.

शेवटी मोठ्या मुलांविषयी, कारण तुमच्यापैकी अनेकजण त्यांच्यामुळेच अस्वस्थ आहात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एक दिवस म्हणतो, मी पूजा करणार नाही, माझा विश्वास नाही. त्याच्याशी भांडू नका, रडू नका, "आमच्या संस्कारांत काय कमी पडलं" असं त्याला ऐकवू नका. त्याला सांगा की महाराष्ट्रात असं म्हणणारा तू पहिला नाहीस. मुंबईत 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला तो मूर्तीवाचून उपासना करायला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तो भट-मध्यस्थ आणि मूर्तीपूजा दोन्ही बाजूला सारून. या माणसांनी आपलं म्हणणं अभ्यासाने मांडलं, त्यासाठी किंमत मोजली. तूही वाच, विचार कर. त्याच्यावर आरतीला उभं राहायची सक्ती करू नका. पण देवघरातली एकेक वस्तू कुणाची, कुठून आली, हे त्याला माहीत असायला हवं, यावर मात्र ठाम राहा, कारण तो विश्वासाचा प्रश्न नाही, घराच्या इतिहासाचा आहे. अन्नपूर्णा त्याच्या आईची आहे, लग्नात गौरीहराशी तिने पुजली आणि माहेराहून बरोबर आणली. त्याआधीची झिजलेली अन्नपूर्णा आजीची, तीही कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या आडनावाच्या घरातून आलेली. देवघरात बायकांचा इतिहास असा या एवढ्याशा पितळी मूर्तींत शिल्लक आहे. टाकांमध्ये घोड्यावरचा खंडोबा कोणता, भवानी कोणती, आणि ज्याचं नाव आता कुणालाच नीट सांगता येत नाही तो वीराचा टाक कोणाचा, हे जाणती माणसं आहेत तोवर त्यांना विचारून मुलाकडून वहीत लिहून घ्या. देव न मानणारी मुलं हे काम बहुधा जास्त मन लावून करतात.

घराच्या वाटण्या होतील तेव्हा टाक भावाभावांत वाटले जातात, मुलींना विचारत नाहीत. तुम्ही विचारा. हवे असतील तर सोनाराकडून नवे घडवून घ्या. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवून टाक कसा तयार होतो, ते पाहायला मुलांनाही दुकानात बरोबर न्या. नवे टाक जेजुरीला भेटीला नेताना कऱ्हेत देवांना आंघोळ घालायचं काम त्यांच्याकडे द्या. कपडे भिजतील, भंडाऱ्याने पिवळे होतील, तेव्हा जुने घालून न्या.